टीव्ही ट्यूनर कार्ड चालेना? ड्रायव्हर शोधत बसण्याआधी या चुका टाळा

दिवाळीच्या आठवडाभर आधी नेरुळहून आत्याचा फोन आला. "अरे, आमच्या लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायचीय. कार्ड आहे, व्हीसीआर आहे, सगळं जोडलंय, पण पडदा काळा तो काळाच. हा म्हणतोय ड्रायव्हर जुना झालाय." कार्ड म्हणजे टीव्ही ट्यूनर कार्ड, टीव्हीचं किंवा व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरवर आणणारं. ड्रायव्हर म्हणजे ते कार्ड विंडोजला चालवता यावं म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर. आणि 'हा' म्हणजे माझा आतेभाऊ. त्याने तोवर दोन दिवसांत पाच वेगवेगळे ड्रायव्हर टाकून पाहिले होते. पाचव्यासोबत ब्राउझरचं पहिलं पान बदलून आलं होतं आणि दर दहा मिनिटांनी 'तुमच्या संगणकात शेकडो दोष सापडले' अशी एक लाल खिडकी उघडत होती.

रविवारी ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून नेरुळ लोकल पकडली. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, खोडरबर, दोन जादा केबल आणि लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) पेनड्राइव्ह. संध्याकाळी सातपर्यंत कॅसेट सुरू झाली. तोवर अर्धा डझन गोष्टी बिघडलेल्या निघाल्या. ड्रायव्हरचा दोष त्यांत एकच होता, आणि तोही पाच ड्रायव्हर टाकल्यामुळे झालेला.

नात्यात आणि सोसायटीत मिळून अशी बरीच कार्डं मी हाताळली आहेत. तक्रार काहीही असो, माणसं मागतात ड्रायव्हरच. म्हणून खालच्या चुका त्याच क्रमाने लिहिल्या आहेत, ज्या क्रमाने मी आता तपासतो. ड्रायव्हर मुद्दामच मधे येतो.

चॅनल स्कॅन करत बसणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. जुन्या कार्डाला केबलची वायर लावायची, सॉफ्टवेअरमध्ये 'ऑटो स्कॅन' दाबायचं, चहा करून आणायचा, परत येऊन पाहावं तर शून्य चॅनल. मग ड्रायव्हर बदलायचा, पुन्हा स्कॅन, पुन्हा चहा.

दोन हजार सालानंतरच्या दहा वर्षांत आपण दुकानातून घेतलेली बहुतेक कार्डं ॲनालॉग आहेत. केबल डिजिटल करण्यासाठी मुंबईला ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत होती. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली दुसऱ्या टप्प्यात आली, त्यांची मुदत ३१ मार्च २०१३. भिंतीतून येणाऱ्या त्या काळ्या वायरीत आता डिजिटल, त्यातही कुलूपबंद सिग्नल असतो आणि तो उघडण्याचं काम सेट टॉप बॉक्सचं. दूरदर्शननेही आपले ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. गच्चीवर चढून वरळीच्या मनोऱ्याकडे अँटेना वळवायचे दिवस गेले. तेव्हा शून्य चॅनल दाखवणारं कार्ड बिचारं खरंच सांगत असतं.

यूएसबीची डिजिटल काडी असलेल्यांनीही एक बघावं. दूरदर्शनने २०१६ मध्ये काही शहरांत सुरू केलेलं प्रक्षेपण डीव्हीबी-टी२ पद्धतीचं आहे आणि बाजारातल्या स्वस्त काड्या बऱ्याचदा नुसत्या डीव्हीबी-टी. नावात एका आकड्याचा फरक, पण डीव्हीबी-टीच्या काडीला टी२ चं काही कळत नाही. कुठल्याही ड्रायव्हरने ते जमणार नाही.

मग या कार्डाचा उपयोग काय? पिवळं सॉकेट. सेट टॉप बॉक्सच्या किंवा व्हीसीआरच्या 'एव्ही आउट'मधून पिवळी वायर कार्डाच्या 'कॉम्पोझिट'मध्ये घालायची, सॉफ्टवेअरमध्ये 'ट्यूनर'ऐवजी 'कॉम्पोझिट' निवडायचं. चॅनल बदलायचं ते बॉक्सच्या रिमोटने. (ज्या कार्डांवर एफएमचं सॉकेट आहे त्यांचा रेडिओ मात्र अजून मस्त लागतो. माझ्या टेबलावर एक कार्ड फक्त तेवढ्यासाठी आहे.)

वायर न बघता कॉम्प्युटर उघडणं

आत्याकडे मी आधी टीव्हीच सुरू केला. व्हीसीआरची तीच वायर टीव्हीला लावली. तिथेही काळं! म्हणजे कार्ड, ड्रायव्हर, विंडोज या कुणाचाच संबंध नाही. व्हीसीआर भिंतीपासून ओढून मागे बघितलं तर पिवळी पिन 'आउट'ऐवजी 'इन'मध्ये. दोन दिवस, पाच ड्रायव्हर, आणि पिन एक इंच डावीकडे. आतेभाऊ काही बोलला नाही, नुसता फॅनचा स्पीड वाढवून आला.

तेव्हा पहिलं काम हे: जे यंत्र कार्डाला जोडायचंय ते आधी टीव्हीला जोडून बघा. चित्र आलं तरच पुढे जा.

केबल निघून गेलेली असते, सैल असते, आतून तुटलेली असते. पिनेपाशी वाकवून धरल्यावर चित्र येत असेल तर वायर टाकून द्या, सेलोटेप लावू नका. चित्रावर जाड आडवे पट्टे हळूहळू वर सरकत असतील तर बहुधा अर्थिंगचं दुखणं आहे. कॉम्प्युटर आणि बॉक्स एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतले की ते पुष्कळदा जातं. जुन्या चाळीतल्या वायरिंगमध्ये तिसऱ्या भोकाला अर्थिंगच नसतं, तिथे कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. तसं असेल तर आधी वायरमन बोलवा. लग्नाची कॅसेट इतकी वर्षं थांबलीय, अजून चार दिवस थांबेल.

खाडीची हवा आणि सोन्याचे दात

टीव्हीवर चित्र आलं. कॉम्प्युटरवर अजून काळं. आता डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनला जोडलेल्या यंत्रांची विंडोजमधली यादी, उघडला, आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे फाटे इथून फुटतात. ड्रायव्हर नसलेलं कार्ड विंडोजला दिसत नाही असं नाही. ते 'अदर डिव्हायसेस'खाली 'मल्टिमीडिया व्हिडिओ कंट्रोलर' अशा नावाने, पिवळं उद्गारचिन्ह घेऊन बसलेलं असतं. असं दिसलं तर कार्ड जिवंत आहे. यादीत अजिबातच नसेल तर जगातला कुठलाही ड्रायव्हर कामाचा नाही. ज्याच्यासाठी ड्रायव्हर हवा तेच जागेवर नाही.

आत्याच्या मशीनवर ते एकदा दिसलं आणि रीस्टार्ट केल्यावर गायब झालं. दिसतं-जातं असं असलं की मी खोडरबर काढतो.

पाठीमागची वायर काढली, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलासुरला करंट जाऊ दिला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि कार्ड उपसलं. खालची सोनेरी दातांची रांग तपकिरी पडली होती, दोन दातांवर तर हिरवट कड. नेरुळ, वाशी, ऐरोली, इकडे कोपरी-कळवा. खाडीचं दमट, खारं वारं सगळीकडे घुसतं आणि चार पावसाळे बंद पडून राहिलेल्या मशीनमध्ये हे होणारच. पेन्सिलच्या पांढऱ्या खोडरबराने दात दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पुसायचे, भुगा ब्रशने झाडायचा, मिळालं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने शेवटचा हात फिरवायचा. स्लॉटमधली धूळ फुंकर मारून काढू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. छोटा ब्रश वापरा. पॉलिश पेपर तर हातातच घेऊ नका. माझं स्वतःचं एक कार्ड एका दुकानात असं घासून 'स्वच्छ' करून मिळालं होतं. महिनाभर छान चाललं, मग सोनेरी थर गेलेल्या जागी गंज चढला आणि संपलं.

कार्ड पुन्हा बसवताना शक्य असेल तर दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा. जुन्या बोर्डांवर ग्राफिक्स कार्डाच्या शेजारचा पीसीआय स्लॉट (अशी कार्डं बसवायची खाच) त्याच्याशी आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची लाइन, वाटून घेतो, त्याने मशीन अडकतं किंवा कार्डाला कोड १०, म्हणजे 'यंत्र सुरू होत नाही', येतो. एक घर खाली सरकवलं की कित्येकदा विनातक्रार चालतं. कार्ड पूर्ण बसलंय ना, हे मागच्या पट्टीकडे बघून ठरवू नका. स्क्रू आवळताना पट्टी ओढली जाते आणि दुसरं टोक अर्धा मिलिमीटर वर येतं.

खोक्यावरचं नाव बघून ड्रायव्हर शोधणं

आता ड्रायव्हर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी फसगत इथेच होते.

लॅमिंग्टन रोडवरून किंवा ठाण्यात स्टेशनजवळून घेतलेल्या कार्डाच्या खोक्यावर एक नाव असतं, सीडीवर दुसरंच, आणि कार्डावर कधीकधी काहीच नसतं. कारण कार्डं विकणारे पुष्कळ होते, पण आतली मुख्य चिप बनवणारे मोजकेच. ब्रुकट्रीची बीटी८७८, फिलिप्सची एसएए७१३० आणि ७१३४, कोनेक्झंटची सीएक्स२३८८ मालिका: भारतात आलेल्या पीसीआय कार्डांतली मोठी संख्या यांतच बसते. त्यातही नावांचा घोळ. ब्रुकट्री १९९६ मध्ये रॉकवेलकडे गेली आणि रॉकवेलचा चिपचा धंदा १९९९ मध्ये कोनेक्झंट या नावाने वेगळा झाला, म्हणून तीच बीटी८७८ कुठे ब्रुकट्रीची म्हणून, कुठे कोनेक्झंटची म्हणून सापडते. फिलिप्सचा चिप विभाग २००६ मध्ये एनएक्सपी झाला. शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

चिप ओळखायला कार्ड उपसायची गरज नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'डिटेल्स' टॅब, खालच्या यादीत 'हार्डवेअर आयडीज'. एक लांबलचक ओळ दिसेल. त्यातल्या 'व्हीईएन' या अक्षरांनंतरची चार चिन्हं म्हणजे चिपची कंपनी: १०९ई असेल तर ब्रुकट्री, ११३१ असेल तर फिलिप्स, १४एफ१ असेल तर कोनेक्झंट. 'डीईव्ही'नंतरची चार म्हणजे चिप: ०३६ई म्हणजे बीटी८७८, ७१३० आणि ७१३४ तर सरळच. त्यापुढचा 'सबसिस'चा भाग कार्ड कुणी बनवलं ते सांगतो. स्वस्त नकली कार्डांवर ही माहिती साठवणारी छोटी मेमरी चिपच गाळलेली असते, म्हणून बीटी८७८ च्या अशा कार्डांवर तिथे नुसती शून्यं दिसतात. शून्यं दिसली की 'कंपनीचा मूळ ड्रायव्हर' शोधणं सोडा. कंपनी सापडणार नाही.

ही ओळ कागदावर उतरवून घ्या आणि त्या आकड्यांवरून शोधा. आत्याच्या खोक्यावर जे नाव होतं त्याच्या सीडीत एका वेगळ्याच चिपचा ड्रायव्हर होता. कार्ड निघालं ७१३०.

चिप जुळली म्हणजे सगळं जुळलं, असंही नाही. कार्डावर जी पत्र्याची चपटी डबी असते तो खरा ट्यूनर आणि तो प्रत्येक कार्डावर निराळा असू शकतो. आवाज चिपच्या कुठल्या पायातून फिरवून आणलाय हेही कार्डागणिक बदलतं. म्हणून चिप तीच पण ड्रायव्हर शेजारच्या कार्डाचा, असं झालं की कॉम्पोझिटचं चित्र झकास येतं, मात्र ट्यूनर मुका आणि आवाज गायब. तुम्हाला फक्त व्हीसीआर किंवा बॉक्स जोडायचा असेल तर हे मनावर घेऊ नका. चिपचा कुठलाही सर्वसाधारण ड्रायव्हर चालतो. बीटी८७८ साठी तर एक्सपीच्या काळात बीटीविनकॅप नावाचा मुक्त ड्रायव्हर याच कामासाठी लोकांनी वापरला.

कार्ड मेलंय की ड्रायव्हर चुकलाय, हे ठरत नसेल तर माझी युक्ती सांगतो. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, काहीही इन्स्टॉल न करता. बीटी८७८ आणि एसएए७१३० मालिकेचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहेत. तिथे व्हीएलसीमधून चित्र आलं तर कार्ड धडधाकट आहे आणि भांडण फक्त विंडोजशी आहे. आत्याकडे चित्र आलं. पहिल्यांदाच. काका पेपर बाजूला ठेवून खुर्ची पुढे ओढून बसले. त्यांना वाटलं झालं काम.

"अहो काका, अजून एक तास द्या."

अपडेटर, नवाकोरा ड्रायव्हर आणि चौसष्ट बिट

'ड्रायव्हर अपडेटर' नावाची सॉफ्टवेअरं या कार्डांसाठी काडीच्या कामाची नाहीत. ज्या कार्डाचा ड्रायव्हर बनवणारा वर्षानुवर्षं फिरकलेला नाही, त्याचं अपडेट येणार कुठून? ती जवळचं काहीतरी शोधून चिकटवतात आणि वर पैसे मागतात. आतेभावाची लाल खिडकी तिथूनच आलेली.

'जितका नवा तितका चांगला' हा हिशेबही इथे उलटा पडतो. जुन्या कार्डाला त्याच्या काळातला, पण तुमच्या विंडोजच्या बिटांचा ड्रायव्हर लागतो. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर कधीच चढत नाही, कितीही वेळा 'येस' दाबा. सीडीवरचे बहुतेक ड्रायव्हर एक्सपीच्या काळातले, ३२ बिटचे. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटचीच येते.

६४ बिटचा ड्रायव्हर मिळाला तरी त्यावर डिजिटल सही लागते. सही नसेल तर कोड ५२. मग कुणीतरी सांगतं, शिफ्ट दाबून रीस्टार्ट कर, 'स्टार्टअप सेटिंग्ज'मध्ये जा, एफ७ दाब. कार्ड सुरू होतं, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं की पुन्हा कोड ५२, कारण ती सूट फक्त पुढच्या रीस्टार्टपर्यंतच असते. "काल चालत होतं, आज आपोआप बंद पडलं" अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारतो. विंडोज ११ वर, आणि १० च्याही बऱ्याच मशीनवर, 'मेमरी इंटेग्रिटी' हा आणखी एक पहारेकरी असतो. जुना ड्रायव्हर तो दारातच अडवतो. तो बंद करता येतो, पण ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात तिथे मी तो बंद करत नाही, तुम्हीही करू नका. त्यापेक्षा माळ्यावरचं जुनं मशीन उतरवा, त्यावर ३२ बिट विंडोज ७ ठेवा, नेटची वायर काढा आणि ते फक्त कॅसेटच्या कामाला वापरा. जुनी कार्डं तिथे सुखाने नांदतात.

जुन्यावर नवा, नव्यावर आणखी नवा

आत्याच्या मशीनवर पाच ड्रायव्हर एकावर एक बसले होते. योग्य ड्रायव्हर दिला तरी विंडोज आधीच्या पाचांतलाच एक उचलून लावत होतं आणि कोड १० दाखवत होतं. हाच तो ड्रायव्हरचा एकमेव दोष.

उपाय कंटाळवाणा आहे पण खात्रीचा. आधी रिस्टोअर पॉइंट घ्या, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीला नेता येईल. कंट्रोल पॅनेलमधून कार्डाची म्हणून जी जी सॉफ्टवेअरं आली ती काढा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर 'अनइन्स्टॉल', आणि ड्रायव्हरच्या फायलीही पुसायच्या का असं विचारणारी जी चौकट येते तिच्यात टिक करायला विसरू नका. सगळे ती चौकट न वाचता ओके दाबतात. मग वरच्या मेनूतून 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस'. विंडोज पुन्हा कुठला तरी जुना ड्रायव्हर लावेल, पुन्हा अनइन्स्टॉल, पुन्हा टिक. हे कोड २८ येईपर्यंत करायचं. २८ म्हणजे 'ड्रायव्हर नाही', आणि या कामात तो दिसला की पाटी कोरी झाली असं समजायचं. आत्याकडे चार फेऱ्या लागल्या. त्यानंतर योग्य ड्रायव्हर एकदाच टाकला आणि पिवळं चिन्ह गेलं.

चालू असलेला ड्रायव्हर मिळाला की त्याची प्रत काढून ठेवा. विंडोज १० आणि ११ मध्ये पीएनपीयूटिल ही कमांड आहे, तिच्या 'एक्सपोर्ट-ड्रायव्हर' या पर्यायाने बसवलेले बाहेरचे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढता येतात. विंडोज बदललं, हार्डडिस्क गेली, तरी फोल्डर हाताशी राहतो. विंडोजने स्वतःहून नवा ड्रायव्हर चढवून गोंधळ घातला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण आहे, ते आधी दाबून बघा.

ड्रायव्हर झाला, तरी पडदा काळा

विंडोज १० आणि ११ मध्ये कार्डाला कॅमेरा समजलं जातं. सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॅमेरा इथे 'डेस्कटॉप ॲप्सना परवानगी' बंद असेल तर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ओबीएस असो की व्हर्च्युअलडब, काळं चित्र आणि चूक झाल्याची एक ओळही नाही. तिथेच मायक्रोफोनचीही परवानगी बघा, नाहीतर मागाहून आवाजासाठी रडाल.

चित्र आलं पण काळंपांढरं, किंवा वरखाली घरंगळतंय? सॉफ्टवेअर एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेच्या टीव्ही पद्धतीवर आहे. आपल्याकडे पाल-बी: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चौकटी. परदेशी सॉफ्टवेअरं बऱ्याचदा तीच पद्धत गृहीत धरून उघडतात. आत्याच्या शालूचा रंग या एका सेटिंगमागे लपला होता. पिवळी पिन गोल एस-व्हिडिओ सॉकेटमध्ये कन्व्हर्टर लावून घातली असेल आणि इनपुट एस-व्हिडिओ निवडलं असेल, तरीही चित्र काळंपांढरंच येतं.

पडद्यावर निळा किंवा गुलाबी चौकोन येत असेल तर 'ओव्हरले' बंद करून 'प्रीव्ह्यू' निवडा. आणि एका वेळी एकच सॉफ्टवेअर उघडा. कार्ड दोघांना मिळत नाही. दुसरा येतो त्याला 'डिव्हाइस इन यूज' म्हणून परत पाठवलं जातं आणि माणूस पुन्हा ड्रायव्हरच्या मागे लागतो.

कॅसेट चालवताना चित्राच्या अगदी तळाशी चार-सहा रेषा फाटलेल्या दिसतात. तो बिघाड नाही. व्हीसीआरमध्ये टेप वाचण्याचं काम एका हेडाकडून दुसऱ्याकडे जातं ती जागा टीव्हीच्या चौकटीआड झाकली जायची, इथे उघडी पडते. हलत्या हातांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात तेही इंटरलेसिंगमुळे, म्हणजे एक चौकट सम आणि विषम रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांत येते म्हणून. रेकॉर्डिंग तसंच होऊ द्या, डीइंटरलेस नंतर करा.

आवाजाची वेगळीच गंमत

एसएए७१३४ चिप आवाज पीसीआयमधूनच कॉम्प्युटरला देते. ७१३० देत नाही. एका आकड्याच्या फरकापायी लोक महिनोन् महिने मुके सिनेमे रेकॉर्ड करत बसतात. ७१३० ला, आणि बीटी८७८ च्या बहुतेक कार्डांनाही, मागच्या बाजूने एक छोटी वायर कार्डाच्या 'ऑडिओ आउट'पासून साउंडच्या निळ्या 'लाइन इन' सॉकेटपर्यंत न्यावी लागते. खोक्यात ती असते, आणि सगळ्यात आधी हरवतेही तीच. व्हीसीआरसाठी कार्डाला मधे घ्यायचीही गरज नाही. लाल-पांढरी पिन एका टोकाला आणि हेडफोनसारखी पिन दुसऱ्या टोकाला अशी वायर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते, ती सरळ निळ्या सॉकेटमध्ये घाला.

गुलाबी सॉकेटमध्ये घालू नका. ते माइकचं आहे, त्यात आवाज फाटतो आणि बऱ्याचदा एकाच बाजूचा येतो. सनई फाटली की तिचा भोंगा होतो.

'लाइन इन' यादीत दिसत नसेल तर साउंडच्या 'रेकॉर्डिंग' टॅबमध्ये मोकळ्या जागी राइट क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस'वर टिक करा. आत्याकडे ते बंद करून ठेवलेलं होतं. कुणी केलं, ते विचारलं नाही.

साडेतीन मिनिटांनी रेकॉर्डिंग बंद

सगळं जमलं. कॅसेट सुरू: गणपतीचा फोटो, त्यावर गोल फिरत येणारी नावं, मग हळदीचा पाट, आणि रेकॉर्डिंग थांबलं. पुन्हा लावलं. पुन्हा हळदीच्या पाटापाशीच थांबलं. आतेभाऊ लगेच म्हणाला, "ड्रायव्हर क्रॅश होतोय."

दरवेळी त्याच जागी थांबतंय म्हणजे कुठला तरी आकडा भरतोय. ७२० गुणिले ५७६ ठिपके, प्रत्येकी दोन बाइट, सेकंदाला २५ चौकटी: सेकंदाला वीस एमबीच्या थोडं वर. एक्स्टर्नल हार्डडिस्क टीव्हीला चालावी म्हणून एफएटी३२ फॉरमॅट केलेली होती आणि तिच्यावर एका फाइलची मर्यादा चार जीबी. भागाकार करा, साडेतीन मिनिटं येतात. हार्डडिस्क एनटीएफएस करून दिली (आधी तिच्यावरचे फोटो दुसरीकडे हलवून, अर्थात) आणि सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्रेशन लावलं. तसंच कच्चं रेकॉर्ड केलं असतं तर तीन तासांच्या कॅसेटला सव्वादोनशे जीबीच्या आसपास जागा गेली असती. एमपीईजी-२ मध्ये सहा मेगाबिटने घेतलं तर आठेक जीबी. पण एफएटी३२ वर तेही तासा-दीड तासाने तुटलंच असतं.

यूएसबी कॅप्चर काडी घेतली असेल तर

नव्या मशीनला पीसीआय स्लॉटच नसतो, म्हणून बरेच जण ईझीकॅप नावाची काळी काडी घेतात. सावध राहा. खोकं तेच, काडी तीच, आणि आत चारपैकी कुठलीही चिप: सिंटेकची एसटीके११६०, एम्पियाची ईएम२८६०, फुशिकाईची यूटीव्ही००७ नाहीतर सोमॅजिकची. चौघींचे ड्रायव्हर चार, आणि सोबतची सीडी पाचवीची असू शकते. इथेही तोच डिव्हाइस मॅनेजर, तोच हार्डवेअर आयडी, फक्त अक्षरं 'व्हीआयडी' आणि 'पीआयडी'. ०५ई१ आणि ०४०८ असेल तर सिंटेक, १बी७१ आणि ३००२ असेल तर यूटीव्ही००७. काडी नेहमी मशीनच्या मागच्या पोर्टमध्ये लावा. पुढच्या पोर्टला किंवा हबला करंट पुरत नाही आणि चित्र मधेमधे गोठतं.

नेरुळहून निघण्याआधी एक कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला: चिपचा आकडा, कुठला ड्रायव्हर चालला, त्याची प्रत कुठल्या पेनड्राइव्हवर आहे, पाल-बी, कॉम्पोझिट, निळं सॉकेट. आतेभावाने त्याचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

स्वागत समारंभाची दुसरी कॅसेट मात्र लावली नाही. झडप उचलून पाहिली तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी होती. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी हेडांना लागते, आणि मग चांगल्या कॅसेटही खराब दिसू लागतात. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. कार्ड गेलं तर जुन्या बाजारात दुसरं मिळेल, चालू हेडांचा व्हीसीआर मिळणं कठीण. ती कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवलीय. हवा पुरती कोरडी झाली की टेप उघडून साफ करणाऱ्याकडे न्यायची आहे.